गरोदरपणात रात्री पाय चळवळतात तेव्हा काय करावे

रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात, घरातले दिवे मालवलेले असतात, अंग इतके थकलेले असते की उशीला डोके टेकताच डोळा लागावा, आणि नेमक्या त्याच वेळी पोटऱ्यांच्या आत, अगदी हाडाजवळ, काहीतरी वळवळायला लागते. धड दुखतही नाही आणि खाजवावेसेही वाटत नाही. पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. पाय झाडला, घोट्यातून फिरवला, उठून चार पावले टाकली की बरे वाटते आणि पुन्हा आडवे झाले की पहिल्यापासून सगळे सुरू होते. कोल्हापुरात कोणी याला 'पाय चळवळतात' म्हणते, कोणी 'पाय ओढ घेतात' म्हणते, कोणी 'पोटऱ्यांत किडे फिरतात' म्हणते. वैद्यकशास्त्रात याचे नाव रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम असे आहे.

माझ्या पहिल्या गरोदरपणात सातव्या महिन्यापासून हा त्रास सुरू झाला. आमच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशी होती, आणि रात्री दोन-अडीच वाजता मी त्या गार फरशीवर अनवाणी फेऱ्या मारत असे, कारण तळव्यांना गारवा लागला की वळवळ थोडी मंदावत असे. सासूबाईंना जाग येई. त्या उठून माझे पाय चेपून देत आणि म्हणत, "अगं, सगळ्यांनाच होतंय हे. बाळंत झालीस की जातंय बघ." त्यांचे म्हणणे निम्मे खरे होते, बाळंतपणानंतर त्रास खरोखरच गेला. मात्र तोपर्यंतचे तीन महिने नुसते सोसून काढण्याची गरज नव्हती, हे मला दुसऱ्या खेपेला कळले. पहिल्या खेपेला मी लोहाची गोळी रोज संध्याकाळी पाचच्या चहाबरोबर आणि कॅल्शियमच्या गोळीसोबत एकाच घोटात घेत होते, आणि त्यात काही चुकत आहे हे मला कोणीही सांगितले नव्हते. ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

हा तोच त्रास आहे का, हे आधी ठरवावे

या त्रासाचे निदान रक्ताच्या किंवा यंत्राच्या एखाद्या तपासणीने होत नाही, ते रुग्णाच्या सांगण्यावरूनच होते. म्हणून आपल्याला नेमके काय होते हे नीट पाहून ठेवणे फार महत्त्वाचे आहे. चार गोष्टी एकत्र असल्या पाहिजेत. पाय हलवण्याची अनावर इच्छा होते. ती बसल्यावर किंवा आडवे झाल्यावर सुरू होते अथवा वाढते. चालल्याने किंवा पाय ताणल्याने, निदान ती हालचाल चालू असेपर्यंत, बरे वाटते. आणि सकाळपेक्षा संध्याकाळी व रात्री त्रास जास्त असतो. यांखेरीज, हीच लक्षणे दुसऱ्या कोणत्या कारणाने होत नाहीत ना, याचीही खात्री करावी लागते.

सर्वांत जास्त गल्लत पायात येणाऱ्या गोळ्याशी होते. गोळा आला की पोटरी दगडासारखी घट्ट होते, ती हाताला लागते, कळ इतकी येते की तोंडून आवाज निघतो, आणि काही मिनिटांत ती ओसरते. पाय चळवळतात तेव्हा पोटरी हाताला मऊच लागते, तीव्र कळ नसते, पण त्रास तासन्‌तास चालतो. गरोदरपणात दोन्ही गोष्टी एकाच बाईला होऊ शकतात, तरी त्यांवरचे उपाय वेगळे असल्याने डॉक्टरांना सांगताना 'पाय दुखतात' एवढेच सांगू नये. मी तसेच सांगितले होते, आणि त्यावर मला कॅल्शियम वाढवून मिळाले.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की त्यांना पायांची चुळबूळ समजून घरी थांबणे धोक्याचे आहे. एकाच पायाला सूज येणे, ती पोटरी गरम व लाल होणे आणि तिथे सतत दुखणे हे शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते. गरोदरपणात अशा गुठळीचा धोका वाढलेला असतो. तळहात आणि तळपाय यांना रात्री असह्य खाज सुटणे, आणि तीही अंगावर पुरळ नसताना, हे यकृताशी संबंधित विकाराचे लक्षण असू शकते व त्यासाठी रक्ततपासणी लागते. विसाव्या आठवड्यानंतर चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास रक्तदाब तपासलाच पाहिजे. यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रात्री वाहन नसेल तर १०८ किंवा १०२ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

लोहाची बाजू

हा त्रास नवा नाही. इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी सतराव्या शतकातच त्याचे वर्णन केले होते, आणि स्वीडनचे कार्ल-ॲक्सेल एकबॉम यांनी १९४० च्या दशकात त्याचा सविस्तर अभ्यास केला. म्हणून त्याला विलिस-एकबॉम आजार असेही म्हणतात. गरोदर स्त्रियांमध्ये साधारण पाचांतील एकीला तो होतो, आणि शेवटच्या तीन महिन्यांत त्याचा जोर सर्वाधिक असतो. म्हणजे जिन्यावर भेटणाऱ्या, ओटीभरणाला जमणाऱ्या, दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या कितीतरी जणी रात्री जागत असतात, आणि नाव ठाऊक नसल्यामुळे त्याबद्दल कोणी बोलत नाही.

याचे कारण पायांत नसून मेंदूत आहे. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य हालचालींवर नियंत्रण ठेवते, आणि ते तयार होण्यासाठी लोह लागते. गरोदरपणात आईच्या अंगातले रक्ताचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने वाढते, बाळ आणि वार आपापला वाटा घेतात, आणि संपूर्ण गरोदरपणात मिळून सुमारे १ ग्रॅम जादा लोह खर्ची पडते. साठा मुळातच कमी असेल तर तो शेवटच्या तिमाहीत तळाला जातो. त्यात इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी वाढलेली असते, आणि घराण्यातून आलेली प्रवृत्तीही असते. आपल्या आईला किंवा मावशीला एकदा विचारून पाहावे, "तुमच्या वेळी रात्री पाय चळवळायचे का?" मी विचारले तेव्हा आई म्हणाली, "मग काय! मी तर रात्रभर अंगणात फिरायची." तिला त्या त्रासाला काही नाव असेल हे माहीतच नव्हते.

येथे एक बारकावा आहे आणि तो समजून घेणे या लेखातील सर्वांत उपयोगी गोष्ट ठरेल. नेहमीच्या तपासणीत हिमोग्लोबिन पाहिले जाते आणि ते ११ ग्रॅमच्या वर असेल तर 'रक्त चांगले आहे' असे सांगितले जाते. परंतु हिमोग्लोबिन म्हणजे वापरात असलेले लोह. साठ्यातले लोह किती उरले आहे हे फेरिटिन या वेगळ्या तपासणीतून कळते. घागरीत पाणी दिसते म्हणून विहिरीला पाणी आहे असे म्हणता येत नाही, तसेच हे आहे. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन खाली गेलेले असू शकते, आणि पाय चळवळण्याचा संबंध या साठ्याशी अधिक आहे. या त्रासावर उपचार करणारे तज्ज्ञ फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर लोहाचा साठा वाढवण्याचा विचार करतात, मग प्रयोगशाळेच्या कागदावर तो आकडा 'सामान्य' म्हणून छापलेला का असेना. अंगात ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटे वाढलेले दिसते, त्यामुळे तपासणी बरे असताना करावी.

म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की माझी फेरिटिनची तपासणी करता येईल का. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात, जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते; त्या दिवशीही हे विचारता येईल. जाण्यापूर्वी आठवडाभर एका वहीत रोज चार शब्द लिहावेत: त्रास किती वाजता सुरू झाला, किती वेळ चालला, कशाने बरे वाटले, त्या संध्याकाळी काय खाल्ले-प्याले, झोप किती मिळाली. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात बोलायला दोन मिनिटे मिळतात, आणि तेवढ्यात ही वही पुढे केली तर तक्रारीकडे दुर्लक्ष होत नाही.

गोळी कशी घ्यावी, ताटात काय असावे

सरकारी आरोग्यसेवेतून गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस लोहाची गोळी दिली जाते. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. गोळी सगळ्यांना मिळते, पण ती अंगी लागते की नाही हे कशाबरोबर घेतली यावर ठरते. चहा आणि कॉफीतील द्रव्ये लोहाला धरून ठेवतात व ते आतड्यात शोषले जात नाही. दूध आणि कॅल्शियमची गोळीही तेच करते. लोहाच्या गोळीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा टाळावा, आणि लोह व कॅल्शियम या दोन गोळ्यांमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. कॅल्शियम जेवणाबरोबर आणि लोह दोन जेवणांच्या मध्ये, सकाळी अकराच्या सुमारास, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर किंवा आवळ्याच्या फोडीबरोबर घेतले की दोन्ही जमते. पोटात मळमळले तर रात्री झोपण्यापूर्वी घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे, पण गोळी आपणहून बंद करू नये. शौचाचा रंग काळसर होतो, त्याला घाबरू नये. बद्धकोष्ठ झाले तर पाणी, पेरू, पालेभाजी वाढवावी, आणि तरीही त्रास असेल तर गोळीचा प्रकार बदलून मागावा.

दुधावरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची जुनी आवड आहे, आणि गरोदर बाईला 'ताकद येते' म्हणून ते आग्रहाने आणून दिले जाते. न तापवलेल्या दुधातून गरोदरपणात गंभीर संसर्ग होऊ शकतो. दूध घ्यावे, पण उकळून घ्यावे, आणि लोहाच्या गोळीपासून दूर घ्यावे.

कोल्हापूरच्या घरात बुधवारी आणि रविवारी मटण शिजते, ही या बाबतीत मोठी जमेची बाजू आहे, कारण मांसातले लोह भाजीपाल्यातल्या लोहापेक्षा सहज शोषले जाते. मात्र गरोदर बाईला पुष्कळदा अळणी रस्सा वाटीभर पाजतात आणि फोडी इतरांच्या ताटात जातात. अळणी रश्शाने तोंडाला चव येते, अंगात ऊब येते, ते चांगलेच आहे. पण लोह फोडीत आहे, पाण्यात नाही. चार फोडी तिच्या ताटात पडल्या पाहिजेत. कलेजी मात्र वाढू नये, कारण तीत अ जीवनसत्त्व इतके जास्त असते की गरोदरपणात ते बाळाला अपायकारक ठरू शकते. रात्रीच्या जेवणात झणझणीत तांबडा रस्सा असेल तर छातीत जळजळते, मग ॲसिडिटीची गोळी घेतली जाते, आणि जठरातले आम्ल कमी झाले की लोहही नीट शोषले जात नाही. म्हणून तिखट जेवण दुपारी करावे आणि रात्री हलके खावे.

शाकाहारी घरात मोड आलेली मटकी, मसूर, हुलगे, राजगिरा, हरभरा, गडद हिरव्या पालेभाज्या रोज असाव्यात, आणि प्रत्येक जेवणावर लिंबू पिळावे. मोड आणल्याने कडधान्यातले लोह अधिक मोकळे होते. गूळ-शेंगदाणे हा आपल्या मातीतला खाऊ आहे आणि तो जरूर खावा, परंतु गुळात लोहाचे प्रमाण थोडे आणि अनिश्चित असते. रिकामा झालेला साठा त्याने भरून निघत नाही, आणि गरोदरपणातला मधुमेह निघाला असेल तर गूळ जपूनच खावा लागतो. केळी आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या यांबद्दल शेजारपाजारून बरेच ऐकायला मिळते. चळवळणाऱ्या पायांसाठी त्यांचा ठोस उपयोग सिद्ध झालेला नाही.

घरात आधीपासून चालू असलेली औषधेही एकदा तपासून घ्यावीत. उलट्यांसाठी दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड व डॉक्सिलामिन, सर्दी-खोकल्याच्या औषधांतले क्लोरफेनिरामिन व डायफेनहायड्रामिन, तसेच नैराश्यावरची काही औषधे यांनी पायांची चुळबूळ वाढू शकते. झोप येत नाही म्हणून खोकल्याचे झोप आणणारे औषध घेणाऱ्या बाईची रात्र त्यामुळेच अधिक बिघडते. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध मात्र स्वतः थांबवू नये. 'हे घेतल्यापासून पाय जास्त चळवळतात' असे सांगून पर्याय विचारावा.

संध्याकाळपासून अंथरुणापर्यंत

या त्रासाची तयारी रात्री दहाला सुरू करून चालत नाही, ती दुपारीच सुरू करावी लागते. चहा-कॉफी मिळून दिवसभरात २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन गरोदरपणात नको, आणि पाय चळवळणाऱ्या स्त्रीने दुपारी दोननंतर चहा घेऊच नये. पाहुणे आले की चहा होतो आणि नको म्हणणे अवघड जाते, हे मला ठाऊक आहे. अशा वेळी आपल्या कपात गवती चहा-आले घातलेले गरम पाणी घ्यावे. तंबाखूची मशेरी लावण्याची सवय असेल तर ती बाळासाठीही सोडावी आणि पायांसाठीही.

रोज अर्धा तास चालावे, आणि ते संध्याकाळी सहाच्या आसपास. रंकाळ्याच्या काठची सपाट वाट यासाठी उत्तम आहे. बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग असावा, धाप लागू नये. गुळगुळीत तळाच्या कोल्हापुरी चपला गरोदरपणात घसरतात, म्हणून मऊ आणि पकड असलेले पायताण घालावे. ज्या दिवशी अजिबात चालणे झाले नाही त्या दिवशी पाय जास्त चळवळतात, आणि ज्या दिवशी धुणे-भांडी, बाजार, जिने असे अति झाले त्या दिवशीही चळवळतात. या दोहोंच्या मधले माप प्रत्येकीने आपल्या वहीवरून शोधावे. रक्तस्राव, वार खाली असणे किंवा मुदतपूर्व कळांमुळे डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर चालण्याआधी त्यांना विचारावे.

झोपण्यापूर्वी तासभर आधी पोटऱ्या ताणून घ्याव्यात. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहून दोन्ही तळहात भिंतीला टेकवावेत, एक पाय मागे न्यावा, त्याचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला घट्ट ठेवावी, आणि पुढचा गुडघा सावकाश वाकवावा. मागच्या पोटरीत ओढ जाणवली की तिथेच थांबून वीस ते तीस सेकंद सावकाश श्वास घ्यावा, झटके देऊ नयेत. दोन्ही पायांनी तीन-तीन वेळा करावे. गरोदरपणात सांधे सैल झालेले असतात, त्यामुळे ओढ जाणवेपर्यंतच ताणावे, दुखेपर्यंत नाही.

त्यानंतर बादलीत सोसेल इतक्या कोमट पाण्यात पोटऱ्या बुडतील असे पाय दहा-पंधरा मिनिटे ठेवावेत. काही जणींना उलट गार पाण्यानेच आराम पडतो, काहींना एकदा कोमट आणि एकदा गार असे आलटून पालटून. मला गारच मानवले. मग कोरडे करून घोट्यापासून गुडघ्याकडे, खालून वर, हलक्या हाताने तेल लावून चोळून घ्यावे. येथे दोन सवयी टाळायला हव्यात. लहान मुलाला पायांवर उभे करून पाय तुडवून घेणे, आणि पोटऱ्यांना ओढणी करकचून बांधून झोपणे, या दोन्हींनी तेवढ्यापुरते बरे वाटते, पण गरोदरपणात शिरांवर असा दाब घेणे योग्य नाही. फुगलेल्या निळ्या शिरांवरही जोर देऊ नये. आधार हवाच असेल तर डॉक्टरांना विचारून योग्य मापाचे दाबमोजे आणावेत.

अंथरूण भिंतीलगत असावे. सातव्या महिन्यापासून कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर झोपावे, दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, आणि पायांवर जड गोधडी न घेता हलकी चादर घ्यावी. भिंत जवळ असली की वळवळ सुरू झाल्यावर न उठता तळवे भिंतीला दाबून धरता येतात.

आणि रात्री दोन वाजता

वळवळ सुरू झाली की 'आता थांबेल' म्हणून पाय दाबून पडून राहू नये. त्याने ती वाढते आणि चिडचिड होते. आधी पडल्या पडल्याच पावले आपल्याकडे ओढून पोटऱ्या ताणाव्यात, घोटे गोल फिरवावेत. दहा मिनिटांत शांत झाले नाही तर सावकाश, आधी कुशीवर होऊन व हाताचा आधार घेऊन, उठावे आणि मंद दिव्यात फेऱ्या माराव्यात. फरशी ओली नसावी, वाटेत पाट किंवा चपला नसाव्यात. गार पाण्यात भिजवून पिळलेला पंचा पोटऱ्यांवर दोन-चार मिनिटे ठेवावा.

मन एखाद्या गोष्टीत गुंतले की पायांची चुळबूळ कमी होते, हे पुष्कळ जणींना अनुभवाने कळते. मी बाळाच्या टोपड्याचे टाके घालत बसे; कोणी शब्दकोडे सोडवते. मोबाइलच्या प्रकाशाने झोप आणखी उडते, म्हणून तो शक्यतो टाळावा.

बसून राहणे हाही या त्रासाचा मोठा निमित्त-काळ आहे, आणि सातव्या महिन्यात माहेरी येणाऱ्या लेकीला पुण्याहून कोल्हापूरपर्यंतचे सुमारे २३० किलोमीटर बसून काढावे लागतात. संध्याकाळची किंवा रात्रीची गाडी घेऊ नये, सकाळची घ्यावी, कारण सकाळी त्रास कमी असतो. एसटीत मधल्या वाटेकडची जागा मागावी, सातारा व कऱ्हाडच्या थांब्यांवर खाली उतरून पाच मिनिटे चालावे, स्वतःची गाडी असेल तर दर तासा-दीड तासाने थांबावे. ओटीभरणाच्या कार्यक्रमातही तासन्‌तास पाटावर न बसवता मधून मधून उठू द्यावे.

घरच्यांसाठी

हा त्रास पहाटेकडे ओसरतो, आणि गाढ झोप लागते ती चार-पाचच्या सुमारास. नेमके त्याच वेळी आपल्या पेठांतल्या अनेक घरांत पाणी भरण्याची धांदल सुरू होते. नवऱ्याने आणि घरच्यांनी करण्यासारखी सर्वांत मोठी मदत हीच आहे की सकाळचे पाणी, दूध आणि डबे त्यांनी आपल्याकडे घ्यावेत आणि तिला सात-आठपर्यंत झोपू द्यावे. तिला आळशी म्हणू नये. ती रात्रभर चाललेली असते. दुपारी जेवणानंतर अर्धा तास तिने पडावे, पण तिन्हीसांजेला नको. रात्र जागून काढलेल्या दिवशी तिने दुचाकी चालवू नये.

एवढे करूनही रात्री जागण्यातच जात असतील, दिवसा झोपेने डोके जड होऊन रडू येत असेल, तर ते डॉक्टरांना तशाच शब्दांत सांगावे. पोटातून लोह पुरत नसेल तर पहिल्या तिमाहीनंतर शिरेतून लोह देता येते, आणि फार क्वचित काही औषधेही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली थोड्या काळासाठी दिली जातात. इतर वेळी या आजारावर वापरली जाणारी सर्व औषधे गरोदरपणात चालत नाहीत, त्यामुळे नात्यातल्या कोणाची चिठ्ठी दाखवून औषध दुकानातून काहीही आणू नये.

बहुतेक जणींना बाळंतपणानंतर काही दिवसांत ते काही आठवड्यांत आराम पडतो; मी दवाखान्यातून घरी आले त्या आठवड्यातच पाय शांत झाले होते. लोहाची गोळी मात्र बाळंतपणानंतरही १८० दिवस चालू ठेवायची असते, आणि ती चहापासून तेवढ्याच अंतरावर. एकदा हा त्रास झालेल्या स्त्रीला पुढच्या गरोदरपणात तो पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. दुसऱ्या खेपेला मी नोंदणीच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना हे सांगितले आणि फेरिटिन तपासून घेतले. आकडा १४ निघाला, त्यावर तिसऱ्या महिन्यापासूनच उपचार सुरू झाले, आणि आठव्या महिन्यात पाय चळवळले ते आठवड्यातून एखाद-दुसऱ्या रात्री.